कोरा फ्लॅश

रोलमध्ये फोटो छत्तीस. फार ओढूनताणून सदतीस. पण लग्नाच्या मांडवात हे सांगता कुणाला? वऱ्हाडातल्या प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं राहायचं असतं, आणि नाही म्हटलं की लगेच मानपान. म्हणून आम्ही फोटोग्राफर फोटो न काढताच सरळ कोरा फ्लॅश मारायचो. लख्ख उजेड पडला की मंडळी खूश, रोलही वाचला. नव्वदच्या दशकात शिरूरला माझा स्टुडिओ होता, आणि या लबाडीत माझा हात धरणारा कुणी नव्हता.

निमोण्याच्या एका लग्नात मात्र ती अंगाशी आली. नवरीचा बाप आणि त्याची थोरली बहीण विहिरीच्या वाट्यावरून बारा वर्षं बोलत नव्हते. भांडगावात दिलेली ती बहीण भाचीच्या लग्नाला आली, तशी चार जाणत्या माणसांनी दोघांना पुढं ढकललं. "आरं, आता तरी जोडीनं हुभं ऱ्हावा!" सगळा मांडव बघत होता. आणि माझा शेवटचा रोल पंगतीच्या फोटोंत संपलेला! रोल संपला म्हणायची लाज वाटली हो. मारला कोरा फ्लॅश.

महिन्याभरानं ती बाई दोन एसट्या बदलून स्टुडिओत हजर. "आल्बम पाह्यला. आमा भावाबहिणीचा फोटू न्हाई त्यात."

अशा वेळची थाप माझी तोंडपाठ होती: रोल धुताना खराब झाला. पण तिनं पिशवीतून काचेची फ्रेम काढली, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली. फोटोच्या आधीच घेऊन ठेवलेली. माझी जीभच रेटेना. खरं ते सांगून टाकलं.

"मुडद्या!" ती म्हणाली आणि बाकावर बसून रडायलाच लागली. "लगीन झालं, मान्सं पांगली. आता कशाला हुभा ऱ्हाईल त्यो माझ्याशेजारी?"

मला स्वतःचीच शिसारी आली. तिच्यादेखत कॅमेऱ्यात नवा रोल भरला, तिला स्कूटरवर मागं बसवलं आणि निमोणं गाठलं. वाटभर माझा उद्धार चालूच होता, आणि मी गपगुमान ऐकून घेत होतो.

भाऊ कांद्याच्या वावरात पाणी धरत होता. "आप्पा, चूक माझी हाय," म्हणत मी सगळं सांगितलं. त्यानं फावडं बांधाला टेकवलं, पाटात चिखलाचे पाय धुतले. बहीण जमिनीकडं बघत उभी.

मग तो आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"आक्का, त्या दिशी लोकांनी ढकललं म्हून हुभा ऱ्हायलो व्हतो," तो म्हणाला. "बरं झालं, त्यो फोटू न्हाई आला."

तिनं रडत रडत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मी बटण दाबलं.