नाना बसले की स्पीकर गातो

हसणार नसाल तर सांगतो. बघा, आत्ताच गाल हलले तुमचे! जाऊ द्या, चहा घ्या आणि ऐका.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. जळगावात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान. नवीन लग्न, भाड्याची खोली आणि डोक्यात एकच भूत: घरी असा स्पीकर बांधायचा की गाणारा समोर बसलाय असं वाटावं! सागवानी खोकं केलं, अ‍ॅम्प्लिफायर जोडला. रविवारी ऐकायला या म्हणून गावातल्या एका बड्या वकीलसाहेबांना आमंत्रणही देऊन बसलो. गाण्याचे मोठे दर्दी!

आणि स्पीकर लागला घुमायला. तबल्यावर थाप पडली की विहिरीत हंडा पडल्यासारखा आवाज!

मग दुकानातलं सूर काढायचं यंत्र घरी आणलं. खोलीच्या मधोमध मायक्रोफोन, त्याला मीटर. सूर खर्जापासून हळूहळू चढवायचा आणि काटा किती हलतो ते कागदावर मांडायचं. रेघ सपाट हवी. माझ्या रेघेत खर्जाच्या एका जागी सातपुडा उभा! भिंतींवर गोधड्या टांगल्या, कापसाची पोती रचली. सातपुडा हलेना.

"अहो, खोलीला थंडी वाजतेय का?" सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

तेवढ्यात फैजपूरहून सासरे आले. नाना. केळीचे बागाईतदार, देह भरभक्कम. बसायला जागा कुठे होती? कोपऱ्यात सुमनची माहेरची पत्र्याची पेटी होती, तिच्यावर टेकले. काटा धपकन खाली! नाना उठले, सातपुडा वर. नाना बसले, रेघ सपाट! माणसाचं अंग आवाज पितं, हे मी वाचलं होतं. माझे सासरे तर पिंपंच्या पिंपं रिचवत होते!

दुसऱ्या दिवशी नाना पिशवी घेऊन निघाले. "येतो जवाई. केयीले पानी द्यायचं हाय."

मी पायच धरले. "नाना, रविवारपर्यंत जाऊ नका! तुमच्याशिवाय या घरात राम नाही!"

नानांचे डोळे भरून आले. "पाह्य सुमन, पोटच्या पोरानं बी मले असं धरून ठेवलं नही कधी!"

सुमनही विरघळली. रोज शिरा! नाना पेटीवर बसून शिरा खाताहेत, मी रेघा ओढतोय. गल्लीत बोभाटा झाला, जावई असावा तर असा!

रविवारी वकीलसाहेब आले. तबकडी लावली. पहिली थाप पडली आणि साहेबांनी मान डोलावली. मी स्वर्गात! आणि नाना पानाची पिंक टाकायला उठले.

घूंऽऽऽम!

"नाना, बसा!" मी ओरडलो.

"आलोच, थुकून..."

"थुंकू नका, गिळा! तुम्ही उठलात की खोली घुमते. म्हणून तर ठेवून घेतलंय तुम्हाला!"

नानांनी पिंक खरंच गिळली. मग नाना म्हणाले, "म्हंजे मले नही, माह्या बुडाले ठेवलं व्हतं?"

वकीलसाहेब खोकल्याचं निमित्त करून निघून गेले. त्यांच्यामागे नाना. नानांच्या मागे सुमन, आणि हमालाच्या डोक्यावर तिची पेटी.

मी एकटा. करणार काय? यंत्र लावलं. सूर खर्जापासून चढवला. आणि काय? रेघ सपाट! नाना नाहीत, तरी सपाट! तेव्हा डोक्यात उजेड पडला. घुमत होता तो पेटीचा पत्रा! नाना बसले की तो दबायचा, एवढंच.

शहाणा माणूस गप्प बसला असता. मी पहिली बस धरून फैजपूर गाठलं! नाना ओट्यावर, भोवती भाऊबंद, दारात सुमन. मी आनंदानं लांबूनच ओरडलो, "नाना, सापडलं! तुमचा काही उपयोगच नव्हता! सुमन पेटी घेऊन गेली आणि घरातली सगळी कटकट गेली!"

नानांनी मान वळवली. "सुमन, पेटीतली लुगडी काढून मांड. दिवाई इथंच."

दिवाळीपर्यंत आमच्या खोलीत आवाज इतका स्वच्छ होता म्हणून सांगू, तव्यावर भाकरी करपायला लागली की तेसुद्धा मला सुरात ऐकू यायचं.