पेटीकडची सतरंजी

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. वडशाच्या एका भातगिरणीच्या गोदामात नागपूरचे गवई गाणार, असं कळलं आणि मी आईला न्यायचंच ठरवलं. मला गाणं शिकवलं ते तिनंच, चुलीपुढे बसून. पण मोठा गवई तिनं कधी समोर बसून ऐकला नव्हता. डावा कान पार गेलेला, उजवाही जाणार असं डॉक्टर म्हणालेले. आज नाही तर कधीच नाही, या धास्तीनं मला रात्रभर झोप नव्हती.

दुपारची बैठक, लाउडस्पीकर नाही. पुरुष मधोमध आणि तबल्याच्या बाजूला. बायकांची सतरंजी उजवीकडे, पेटीच्या तोंडाशी, तिच्या उजव्या अंगाला धानाच्या पोत्यांची थप्पी. पहिल्याच आलापात घोटाळा माझ्या ध्यानात आला. पोती आवाज गिळत होती. पेटी कानावर आदळायची, गळा मात्र पलीकडच्या पुरुषांसाठीच. त्यात गवई आईच्या डाव्या हाताला. तिचा धड कान धानाकडे.

मी दाराशी उभ्या असलेल्या गिरणीमालकाकडे गेले.

"भाऊ, आईले तबल्याकडं बसू द्या. तिले ह्या बाजूनं ऐकू येत नाई."

"तिकडं माणसं बसून राह्यले, बाई. इथी काऊन नाई ऐकू येत? पेटी तं किती झाक वाजते."

याला काय सांगायचं, कपाळ? पदरी पडलं, पवित्र झालं, असं म्हणायचीही माझी तयारी नव्हती. मी आईलाच धरून फिरवलं, उजवा कान गवयाकडे केला. तिचा चेहरा जरा उजळला. तेवढ्यात मागची म्हातारी तिला ढोसून म्हणाली, "गवयाकडं पाठ करून बसतेत का, बाई?" आई शरमली आणि पुन्हा सरळ होऊन बसली. त्या म्हातारीचा मला आजही राग येतो.

द्रुत सुरू झालं. आई छान मान डोलवत होती. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. तिची मान समेवर हलत नव्हती. शेजारणीची हलली की मग तिची हलायची.

मला रडूच फुटलं. तोंड पुसून मी तिच्यापुढे सरकले. गाणं ऐकायचं सोडून फक्त सम तेवढी धरली आणि तिला नीट दिसेल अशी जोरानं मान हलवत राहिले.