सरवरी मणेरणीच्या गुळण्या

सोनईच्या आसपासच्या दहा-बारा गावांत सरवरी मणेरीण बांगड्या विकत फिरे. वेशीतून तिनं "बांगड्याऽऽ" अशी हाळी दिली, की पार पलीकडच्या आळीत भाकरी थापणारीचा हात थांबायचा. तिचा बाप मशिदीत अजान द्यायचा. तेव्हा भोंगे नव्हते. सगळा भार गळ्यावर. रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून तो मान वर करून गुळण्या करी आणि चिमुरडी सरवरी त्याच्या शेजारी उभी राहून तस्संच करी. बाप गेला, सवय राहिली. नवरा रशीद म्हणायचा, "तू गुळण्या करतीस का इंजिन चालू करतीस?" तो स्वतः कधी करत नसे, आणि हिवाळाभर शिंकत असे.

एकाहत्तर सालच्या माघात थंडी अशी पडली, की गावंच्या गावं खोकायला लागली. जत्रा आठ दिवसांवर आलेली. बांगड्या भरायला छबूबाईच्या ओट्यावर बायांची ही गर्दी. पण छबूबाईला ढास लागे, हात हिसकला जाई, आणि बांगडी कट्! एकामागून एक तीन फुटल्या.

"छबूताई," सरवरी हात जोडून म्हणाली, "एक तर खोका, न्हाई तर बांगड्या भरा. दोन्ही एकदम जमायचं न्हाई."

"मग काय करू, भाभी? गळा निस्ता सोलून निघालाय!"

सरवरीनं टोपली बाजूला सारली, छबूबाईच्या चुलीवर पाणी ठेवलं, मीठ मागितलं. "ही चूळ न्हवं. मान वर करायची, पानी पार घशाशी न्यायचं, आन् आऽऽ करायचं. गिळायचं न्हाई. रोज करा, दुखनं यायची वाट बघू नका."

बायांनी तांबे उचलले, माना वर केल्या. एकीचा आवाज घुमणाऱ्या पारव्यासारखा, दुसरीचा उकळत्या आमटीसारखा. मनकर्णाला त्यातच हसू फुटलं आणि तोंडातलं सगळं पाणी छबूबाईच्या नव्या लुगड्यावर! मग कुणाचंच पाणी तोंडात राहीना. ओटा भिजला, बाया भिजल्या, हसून हसून डोळ्यांना पाणी आलं.

तेवढ्यात कारभारी तात्या आले. पांढऱ्या मिशांचे जुने पहिलवान. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हंगाम्यात जोड्या पुकारायचा मान त्यांचा.

"काय गं, ह्यो म्हशी पान्यावर आल्यावानी आवाज कसला?"

"गुळण्या, तात्या. तुमीबी करा. तुमाला तर दिसभर वरडायचंय."

"मला?" कारभारी मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पंचवीस वर्सं पुकारतोय. ह्यो गळा तालमीतला हाय, बाई!"

जत्रेच्या दिवशी फडाभोवती माणूस मावेना. हलगी कडाडली. कारभारी मधोमध उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाज आला तो फुस्स! फाटक्या भात्यासारखा. पुन्हा फुस्स. लोकांना वाटलं तात्या थट्टाच करतायत.

फडाच्या कडेला बांगड्यांचं दुकान मांडून बसलेल्या सरवरीला छबूबाईनं मागून ढकललं. "जा की भाभी!"

"बाईमानूस कुस्त्या पुकारनार?" कुणीतरी ओरडलं.

कारभाऱ्यांनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि सरवरीला हातानं खूण केली. त्यांनी तिच्याजवळ वाकून घोगऱ्या आवाजात नावं सांगितली. सरवरीनं पदर कमरेला खोचला.

"सोनईचा मच्छिंद्रऽऽ! आन् शेवगावचं वांगं, गोरक्षऽऽ!"

आवाज पार शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचला. आणि सगळं माळरान हसून कोसळलं. तात्यांनी कपाळाला हात मारला. "वाघ!" ते घशातून खरखरले, "वाघ म्हनालो मी!"

गोरक्षला स्वतःलाच हसू आवरेना. पकड घेता घेता तो फिदीफिदी हसत ढिला पडला आणि मच्छिंद्रनं उचलून त्याची पाठ मातीला लावली.

"ही कुस्ती धरायची न्हाई!" गोरक्ष पडल्या पडल्याच ओरडला. "हसवून पाडलंय मला! मावशी, फिरून पुकारा!"

मच्छिंद्रही मोठ्या मनाचा. म्हणाला, "होऊन जाऊ द्या."

सरवरीनं पुकारलं, "शेवगावचा वाऽऽघ!" या खेपेला अर्धा तास झुंज झाली आणि गोरक्षनं मच्छिंद्रला चीत केलं. त्यानंतर बावीस जोड्या सरवरीनं पुकारल्या. एकदाही घसा बसला नाही, एकदाही नाव चुकलं नाही. शेवटी तात्यांनी स्वतःचा फेटा काढून तिच्या पदरावरून बांधला. बोलता येत नव्हतं, म्हणून तिचा हात धरून फडभर मिरवलं.

ऊन कलताना सरवरी घरी निघाली, पण तिच्या अंगातलं वारं काही उतरेना. डोक्याला फेटा, त्यावर टोपली, आणि वाटेत जो भेटेल त्याला ती पुकारत चालली. सायकलवरचा शिंपी दिसला की, "आला होऽऽ सोनईचा शिंपी, एका पायडलचा धनी!" समोरून म्हैस आली की, "घोडेगावच्या बाजारची राणीऽऽ!" म्हैस बुजून उसात शिरली. छबूबाई नि मनकर्णा मागून पोट धरून हसत येत होत्या. त्या दोघींनाही तिनं सोडलं नाही. वळून, दोन्ही हात उंचावून, तिनं दोघींची कुस्तीची जोड लावली.