धाडच्या निंबाखालची बोटं आणि सान इसिद्रोचे कान

धाडचा बाजार भरत होता तेव्हा मी निघालो. मुद्दाम बाजाराचाच दिवस धरला होता. जायचंच तर सगळ्यांच्या देखत जाऊ! निंबाखाली बा बैलांच्या दलालीला बसला होता आणि त्याच्या शेजारी, जिथं मी बसायचो तिथं, आमचे जावईबापू बसले होते. बाचं लाल काठाचं उपरणं त्यांच्या खांद्यावर. माय गाडीपर्यंत आली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "जाय. पण तोंडाले जप." गाडी हलली तरी बानं मान वर केली नाही.

आपल्या बाजाराची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण गाव सोडून गेलेल्यांची पोरंही हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. बैलजोडीचा भाव तोंडानं बोलायचा नसतो. दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरतो, बोटांवरून भाव कळतो आणि तो त्या कापडाबाहेर जात नाही. एका बाजारी एका गिऱ्हाइकानं माझ्या हातात असा भाव ठेवला की माझं डोकंच फिरलं. मी उठून ओरडलो, "बैल घ्याले आला का बकरी, बे?" बस्स, एवढंच. भाव मी बोललो नव्हतो. आजही छातीवर हात ठेवून सांगतो, बोललो नव्हतो. पण बाजार हसला, गिऱ्हाईक उठून गेलं आणि बा चारचौघांत म्हणाला, "तुह्या तोंडाले झाकण नाई. तुह्या हातात आता कोणी बोट देनार नाई." त्याच दिवशी उपरणं जावयाकडं गेलं.

मलकापूरहून आगगाडी, मुंबईत एका सिंधी शेठजींच्या पेढीवर कापडाची गाठोडी बांधणं, तिथून त्यांच्या मनिलातल्या दुकानावर आगबोटीनं रवानगी, मग शेठजींशी कडाक्याचं भांडून स्वतःचं दुकान. हे सगळं मी एका दमात उरकतो, कारण जिथं ते दुकान टाकलं त्या माझ्या नव्या गावाचं सांगायची मला घाई झाली आहे.

सान इसिद्रो! पुढं समुद्र, मागं नारळीचं रान, मधे दगडी चर्च आणि त्यासमोर मैदान. घरं बांबूची, खांबांवर उचललेली, पाल्यानं शाकारलेली. वादळ आलं की छप्पर उडतं, आणि ते गेलं की माणसं हसत हसत नवं चढवतात. आमच्या उंद्रीच्या मामाचं एक कौल सरकलं तर तो आठवडाभर सगळ्यांशी भांडायचा! इथं बाजाराला पलेंगके म्हणतात, माझ्यासारख्याच्या दुकानाला तिंदाहान. लोकांनी मला विचारलं, तू कुठला? मी सांगितलं, वऱ्हाडचा. मुलूख निजामाचा, कारभार मध्यप्रांताचा, राज्य इंग्रजाचं. त्यांना बिलकूल नवल वाटलं नाही. काल स्पेनवाला, आज अमेरिकावाला, मालक बदलतात हे त्यांना चांगलं कळतं. पण एवढं समजावूनही ते मला बुम्बाय म्हणतात, म्हणजे मुंबईवाला. हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी बुम्बाय. मी किती तणतणलो! कोण ऐकतो?

आणि गंमत ऐका. समुद्रकाठच्या या गावाचा संत शेतकरी आहे. चर्चमध्ये त्याच्या मूर्तीजवळ नांगर आणि बैल. त्याच्या सणाला इथले लोक रेडे धुतात, त्यांना फुलं बांधतात आणि मिरवत आणतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी भर रस्त्यात ओरडलो, "पोळा! अरे, पोळा!" लोकांना वाटलं, बुम्बायला ऊन लागलं.

आता मूळ गोष्ट. कापडावर पोट भरत होतं, पण मला मासळी घेऊन, सुकवून मनिलाला पाठवायची होती. मासळी विकते आलिंग इस्का. आलिंग म्हणजे आपल्याकडं काकू म्हणतात तसं. होड्या वाळूवर लागल्या की ती टोपलीजवळ उभी राहते आणि गिऱ्हाइकं एकेक करून तिच्या कानात भाव कुजबुजतात. सगळ्यांचं ऐकून ती ज्याचा भाव चढा त्याचं फक्त नाव पुकारते. माल त्याचा! भाव तिच्या कानातच राहतो.

हे मला आज माहीत आहे. पहिल्या सकाळी लांबून एवढंच दिसलं की भाव चोरून ठरतो आहे. माझ्या अंगात धाड संचारलं. खांद्यावर मायचं ते फडकं होतं, ते मी तिच्या हातावर टाकलं आणि खालून तिची बोटं धरली.

वाळूवर असा हशा उठला की होडीवरचे बगळे उडाले. तिचा भाऊ कोयता घेऊन धावला. नार्सो नावाचा एक जाडा व्यापारी ओरडला, "बुम्बायनं लग्न लावलं!" पण आलिंग इस्कानं बोटं सोडवून घेतली, फडकं झटकून माझ्या खांद्यावर परत ठेवलं आणि काहीतरी म्हणाली. तिची बोली मी आपल्या बोलीत लिहितो, कारण मला ती तशीच ऐकू येते: "बोटं काऊन धरतं बे? माह्या कानाले काय झालं?"

तेव्हापासून मी कुजबुजायला शिकलो. मी! माझं बोललेलं बाजाराच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ऐकू जायचं.

मग एकदा होड्या काठोकाठ भरून आल्या आणि आलिंग इस्का तापानं फणफणली होती. ऊन चढत होतं, मासळी उन्हात किती टिकणार? नार्सो तिच्या भावाच्या कानात बोलायला तयार नव्हता आणि बाकीचे नार्सोच्या माणसाच्या कानात. अख्ख्या गावाची मेहनत वाळूवर नासायची वेळ आली. तेवढ्यात घरून तिचा निरोप आला: "बुम्बायले उभं करा."

ज्याच्या कानात भाव पडतो त्याला स्वतः माल घेता येत नाही. त्या दिवसाची माझी खरेदी बुडणार होती. कान पकडून सांगतो, मी क्षणभरही विचार केला नाही. टोपलीजवळ गेलो आणि मान कलती केली.

एकेक जण आला. कोणाच्या श्वासाला तंबाखूचा वास, कोणाच्या सुपारीचा. शेवटी नार्सो आला, आपला भाव बोलला, पण बाजूला होईना. हळूच विचारलं, "दुसऱ्यानं काय दिला? वाटा देतो."

माझं डोकं फिरलं! मी ओरडलो, आणि तेही वऱ्हाडीत: "काऊन बे? मले काय समजून राह्यला? हट बाजूले!" कोणाला एक अक्षर कळलं नाही, पण नार्सोचा चेहरा बघून सगळं कळलं. मी पुन्हा वाळूवर उभा होतो, तसाच तणतणत, लालबुंद, आणि पोटातले सगळे भाव पोटातच होते. मग मी नाव पुकारलं. ते नार्सोचंच निघालं. त्याचाच भाव चढा होता. तो मान खाली घालून माल उचलू लागला आणि वाळूवर कोणीही हसलं नाही.

आता आलिंग इस्का बरी आहे. तरी ती कुठं गावाला गेली की लोक आपणहून माझ्याकडं कान मागायला येतात.

बा, हे तुला कोणीतरी वाचून दाखवेल. ते जावईबापू असले तर त्यांनी मधलं काही गाळू नये. उपरणं त्यांनी खुशाल ठेवावं. मला आता दोन घरं आहेत. एक, जिथं माणसं माझ्या कानाशी वाकतात. दुसरं, ज्याच्याशी मी समुद्र ओलांडूनही अजून भांडतो आहे. पहिल्यात मी राहतो. दुसरं सुटत नाही, सोडायचंही नाही.

मी येणार आहे. बाजाराच्याच दिवशी येईन. निंबाखाली तुझ्यासमोर बसेन, मायचं फडकं पसरेन आणि त्याच्याखाली हात पुढं करेन. बोट दे, बा. काय ठरलं ते कोणाला कळणार नाही.