क्लच प्लेट, नग एक

सरकारी बसच्या आगारात मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. स्टोअर म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यातली जाळीची खोली. नटबोल्टपासून क्लच प्लेटपर्यंत सगळे पार्ट तिथून द्यायचे. जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही.

लोकांना वाटतं, सरकारी उद्योगात माल चोरीला जातो म्हणून कमी पडतो. चोरी मी फार कमी पाहिली. लपवालपवी मात्र रोज पाहिली, आणि ती करणारी माणसं बहुतेक इमानदार होती. त्यांच्यात मी एक.

आम्हाला चार क्लच प्लेटा लागल्या की मी दहा मागायची. वरच्या ऑफिसला ठाऊक, ही बाई दहा मागते म्हणजे हिला चार पाहिजेत. ते दोन पाठवायचे. मग पुढच्या खेपेला मी पंधरा मागायची. ह्यात खोटारडं कुणीच नव्हतं, पण खरा आकडाही कुणाचाच नव्हता.

दोन आल्या की त्यातली एक बाजूला पडायची. कागदावर ती एखाद्या गाडीला बसलेली असायची. प्रत्यक्षात मेकॅनिक दुसऱ्या गाडीची बरी निघालेली प्लेट टाकून भागवायचा आणि नवी माझ्या कपाटात, जुन्या रजिस्टरांच्या मागं, पेपरात गुंडाळून. अडीनडीला असावी म्हणून. अडीनडी म्हणजे काय, हेही न बोलता ठरलेलं होतं. पुण्याची गाडी उभी राहिली तर वरून फोन यायचा. खेड्यातली उभी राहिली तर कुणाचाच फोन यायचा नाही.

राजूरच्या पुढच्या एका गावाला आमची सकाळची गाडी जायची. तिच्यात निम्म्याहून जास्त पासवाल्या पोरी, शाळा-कॉलेजला शहरात येणाऱ्या. पोरींचा पास फुकट. खासगी मालकानं त्या रस्त्यावर गाडी घातलीच नसती, आणि त्यात त्याची चूकही नाही. मी स्वतः आष्टीहून परतूरला अशाच गाडीनं शिकायला गेले. वडिलांच्या मजुरीत माझं रोजचं भाडं निघालं नसतं. त्यामुळं सरकारी उद्योगाला कुणी ऊठसूट नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. नावं ठेवायची तर आतून पाहून ठेवावीत.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्या गाडीची क्लच प्लेट गेली. गाडी आगारातल्या पिंपळाखाली उभी. आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळं आगार मामा म्हणायचं, ते त्याच गावचे. पहाटेच्या पाळीला ते मोटरसायकलीवर यायचे. त्यांची धाकटी पोरगी अकरावीला होती आणि त्याच गाडीनं कॉलेजला यायची. हे मला माहीत होतं.

मामा जाळीशी आले. "ताई, राजूरच्या पल्याडची गाडी उभी हाय. प्लेट आली का?"

"न्हाई आली, मामा."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई. मागणी पाठवून राह्यले की मी."

माझी पाठ कपाटाला टेकलेली होती.

शहरातल्या मस्तगडला घरी जाताना स्पेअर पार्टचं एक दुकान लागायचं. तीच प्लेट तिथं भिंतीला टांगलेली. दुकानदार मारवाडी, तीन पिढ्यांपासून इथलेच. मी विचारलं तर म्हणाले, "घेऊन जा मॅडम, कागद मागून येऊ द्या." पण आमच्याकडं कागद आधी आणि वस्तू नंतर. बाहेरच्या खरेदीची मंजुरी मी मागितली होती. सरकारी काम, सहा महिने थांब.

मामा तीनदा आले. तिसऱ्या वेळी काही न विचारता जाळी धरून थोडा वेळ उभे राहिले. मी मनात म्हणत होते, मामा, एकदा बोला की माझी पोरगी घरी बसली. बोलले असते तर मी दिली असती, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते बोलले नाहीत.

प्लेट यायला दिवाळी उलटून गेली. गाडी सुरू झाली, पोरी परत दिसायला लागल्या, सगळ्या नाही. घरी बसलेल्या पोरीला पाहुणे बघायला येतात. मामांनी माघात लग्नाचे पेढे वाटले. मी एक घेतला आणि खाल्लासुद्धा.

मागच्या वर्षी मामा रिटायर झाले. शेवटच्या दिवशी प्रत्येक मेकॅनिकला आपली पेटी रिकामी करून हत्यारं स्टोअरला जमा करावी लागतात. पाने, पकड, जॅकचा दांडा, सगळं मी मोजून घेतलं. मग त्यांनी पेटीच्या तळातून गोणपाटात बांधलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. क्लच प्लेट. कोरी.

"ही कधीची, मामा?"

"तव्हाचीच हाय, ताई. आपली गाडी उभी राह्यल्ती ना, त्याच्याबी आधीची. पुण्याच्या गाडीसाठी ठेवल्ती."

"मंग बसवायची ना तिला."

"कशी बसवू? पोरगी त्याच गाडीनं यायची. उद्या कुणी म्हणलं असतं, स्वतःच्या लेकीसाठी काढली बराबर." ते हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत राहिले. "म्हणलं, ताईकडून आली तर कुणी बोलणार न्हाई."

तीन वेळा ते माझ्याकडं का आले, हे मला तेव्हा कळलं. मला लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला. आमच्या दोन प्लेटांमध्ये एका जाळीचं अंतर होतं.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. दोन लेकरं हायेत. तिच्या लेकीला शाळेत घातलंय आता." मग सहज म्हणाले, "तिथं गाडी न्हाई जात."

माझ्या पाठीमागं कपाट होतं. रजिस्टरांच्या मागं ती प्लेट होती, तीच किंवा तिच्या जागी आलेली दुसरी. मामा पावतीसाठी थांबले होते. मी पावती लिहिली, सही केली आणि त्यांच्या हातात दिली. जादा माल जमा, क्लच प्लेट, नग एक.

नग दोन लिहायला पाहिजे होतं.