सांगता न येणारा डाव

मास्तर ज्यूदो शिकवायचे, पण तोंडाने फार कमी. कुणी विचारलं, "मास्तर, हा डाव नेमका केव्हा टाकायचा?" की ते त्याची कॉलर धरायचे, आणि कळायच्या आत तो गादीवर उताणा. "कळलं? नाही? ये परत." पलीकडच्या गल्लीतले प्रशिक्षक फळ्यावर बाण काढून शिकवत. मास्तरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं खडूपैलवान. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," म्हणत आणि गडगडून हसत.

मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्यांचं उजवं अंग गेलं. वाचा तेवढी शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा.

लेकीची निवड स्पर्धा तोंडावर आली होती. बापाचा हुकमी डाव तिला अजून साधला नव्हता. बाहेरच्या खोलीत गादी अंथरून तिने चुलतबहिणीला समोर उभं केलं. मास्तर खुर्चीतून सांगू लागले.

"आधी तिला येऊ दे."

"येऊ दे म्हणजे? ओढू की ढकलू?"

"दोन्ही नाही गं. ती आली की तू... तिथे नसतेस."

"मग कुठे असते, बाबा?"

मास्तर डावा हात उचलून दाखवायला गेले, पण त्या हाताला ते काम ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो मांडीवर निपचित पडलेला. "अगं, असं... असं!" ते ओरडले.

"अहो, बीपी वाढेल," आतून बायको म्हणाली.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी भिंतीकडे बघत मास्तर म्हणाले, "खडूपैलवानाकडे जा."

ती गेली. तो माणूस भला निघाला. त्याने पाय कुठे, तोल कुठे, सगळं समजावलं. मग खडू खाली ठेवून म्हणाला, "तुझ्या वडिलांचा तो डाव मी खूपदा पाहिलाय, बाळ. मला काही तो फळ्यावर काढता आला नाही."

स्पर्धेच्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून मास्तरांना गादीच्या कडेला नेलं. दुसऱ्याच लढतीत समोरची मुलगी जोरात पुढे आली. मास्तरांना ते तिच्या खांद्यातच आधी दिसलं. त्यांचं अंग आतून वळलं, म्हणजे वळायला गेलं. "आत्ता!" ते ओरडले.

लेक तोवर पाठीवर पडली होती.

कपडे बदलून ती आली, खुर्चीपाशी उकिडवी बसली. "तुमचा आवाज आला, बाबा. पण तोवर ती वेळ गेली होती."

"हो," मास्तर म्हणाले. "शब्दाला वेळ लागतो."

घरी जाताना गाडीत बसवायला तिने त्यांना काखेतून उचललं. पाय चुकीचा ठेवला होता, तिच्या कमरेत उसण भरली असती. मास्तरांना लगेच कळलं. सांगावं म्हणून त्यांनी श्वास घेतला, पण तिने एव्हाना दात आवळून त्यांना आत ढकललंही होतं.