मार्गासनीला मामा, गुंजवण्याला लाकडं

माझ्या मामांचा अंत्यविधी एकाच दुपारी दोन गावांत मांडला गेला. एका गावात मामा होते आणि दुसऱ्या गावात लाकडं. दोन्हींच्या मध्ये मी होतो, मोबाईल कानाला लावून. आणि मोबाईलला रेंज नव्हती.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी जपानी फुटबॉलबद्दल सांगावं लागेल. (नातेवाइकांनाही मी अशीच सुरुवात केली होती. त्यांनी पुढचं ऐकून घेतलं नाही.)

माझी मुलगी सायली पुण्याला कॉलेजात फुटबॉल खेळायची. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं आणि ती भोरला आमच्याकडे येऊन पलंगावर पडली. पुन्हा खेळता येईल का, असं विचारलं की डॉक्टर रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून चाळायला घ्यायचे. पोरगी धड जेवायची नाही, बोलायची नाही. दिवसभर मंगा वाचायची. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती वाचायची तिच्यात एका शाळेचा फुटबॉल संघ होता आणि त्याचे न संपणारे सामने. एक फ्री किक मारायला अर्धं पुस्तक जायचं.

तिच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून मीही वाचायला घेतलं. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या भागात माझा संघ आधी कप जिंकला, मग बुटांच्या नाड्या बांधल्या आणि शेवटी सरावाला लागला. हे तिला सांगितलं तेव्हा ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. बाप म्हणून मी तिथेच थांबायला हवं होतं. मी पुढचे सगळे भाग वाचून काढले.

सगळ्या पोरांचे डोळे सारखेच, म्हणून मी त्यांना केसांवरून ओळखायचो. नऊ नंबरचा स्ट्रायकर, केस खराट्यासारखे. तो जन्मात कुणाला पास द्यायचा नाही. गोल झाला तर एकट्याचा, चुकला तर सगळ्यांचा. गोलकीपर एका भागात एकदाच बोलायचा, तेही "सांभाळतो" एवढंच. एक पोरगा भागच्या भाग बाकावर बसून दुसऱ्यांच्या टॉवेलांच्या घड्या घालायचा. कोण कसा आहे, कुठल्या जागेवर का खेळतो, यावर आमची बापलेकीची जेवताना चर्चा चालायची. (बायको म्हणायची की घरात खरी माणसंही राहतात, कधीतरी त्यांचाही विषय काढा.) सायली म्हणायची, नुसत्या जागेवरून खेळाडू कळत नाही.

"बॉल पायात नसताना कोण काय करतं ते बघा, पप्पा. बहुतेक वेळ बॉल दुसऱ्याकडेच असतो."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो. कारण तोवर मला दहा नंबर भेटला होता. मधल्या फळीतला. त्याला सगळं मैदान घारीला दिसावं तसं वरून दिसायचं. तो पास कधी माणसाकडे द्यायचा नाही, मोकळ्या जागेत द्यायचा. आणि ज्यानं पोचायचं तो आपोआप तिथे पोचायचा. तोंडातून शब्द काढावा लागायचा नाही. स्मरणपत्रं गेल्याशिवाय जिथे खुर्ची हलत नाही अशा कचेरीत माझी नोकरी झालेली. मला हे वाचून भरून आलं. आपल्या घराण्यात दहा नंबर कोण, हे मग मला कुणाला विचारावं लागलं नाही.

बाकीच्या जागाही मी वाटून टाकल्या. मामांचा पुतण्या दिलीप स्ट्रायकर; त्याच्याकडे टेम्पो होता आणि तो कुणाचं ऐकायचा नाही. मामांची मुलगी सुनीता गोलकीपर, कारण माहेर आणि सासर दोन्हीकडचं तिच्याच अंगावर यायचं. मामी बाकावर. सबंध जन्मात तिला कुणी काही विचारलेलं मला आठवत नव्हतं, तेव्हा ती जागा पक्कीच होती.

त्याच सुमारास मामांचा खोकला छातीत उतरला. मामा मूळचे गुंजवण्याचे. धरणात घर आणि भाताची खाचरं गेली तेव्हा त्यांनी मार्गासनीला रस्त्याकडेला दोन खोल्या बांधल्या आणि मामीला घेऊन तिथे राहिले. दिलीपचं घर चढावर, म्हणून ते वाचलं. तो गुंजवण्यातच राहिला. मामांना आम्ही भोरच्या एका दवाखान्यात ठेवलं. मध्ये एक दिवस उतार पडला, पेज मागून प्यायले. सुनीतानं मामीला फोन करून सांगितलं, एक-दोन दिवसांत घरी सोडतील. रविवारी दुपारी, मी उशाशी बसलेलो असताना, मामा गेले.

मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिलो. समोर सगळं मैदान दिसायला लागलं. मामा आयुष्यभर गुंजवण्याचं नाव काढत आले, तेव्हा त्यांना गुंजवण्यालाच पाण्याकाठी द्यायचं, हे मी मनाशी ठरवलं. (मनाशीच.) दिलीपला फोनवर सांगितलं, लाकडं आणि माणसं तयार ठेव. हडपसरला सुनीताला फोन केला. ती हमसून रडायला लागली, म्हणून मी थोडक्यात म्हणालो, तू मामीकडे बघ. मग सगळ्यांना मिळून एक मेसेज टाकला: सांगितलेल्या जागेवर थांबावे, कुणीही आपली जागा सोडू नये. पुढचं ज्याचं त्याला कळेल, याची मला खात्री होती. दवाखान्याचे कागद उरकायचे होते, म्हणून मामांना ॲम्ब्युलन्सनं पुढे लावून दिलं.

ड्रायव्हरला पत्ता मार्गासनीचा दिला होता. घरी नेऊन मग पुढे, असा बेत होता. तोही मनाशीच.

मी सायलीला आणि बायकोला घेऊन मार्गासनीला पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स परत निघत होती. ड्रायव्हरनं काच खाली केली. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, म्हातारीला कुणी सांगितलंच नव्हतं का हो?"

मामीला कळवायचं काम मी सुनीताला दिलं, असं मी समजत होतो. सुनीता समजत होती की ते मी केलंय आणि आपण पोचल्यावर आईला सांभाळायचंय. गाडी दारात थांबली तेव्हा मामी मऊ भात करून वाट बघत होती. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, हळू उतरवा, त्यांना धक्का सोसत न्हाई. ड्रायव्हरनं हळू उतरवलं. मग तिनं तोंडावरची चादर बघितली.

मी आत गेलो. मामी भिंतीला टेकून बसली होती आणि रडत नव्हती. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. सायली कुबड्या भिंतीला लावून, तो न वाकणारा पाय समोर पसरून तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात धरून तशीच राहिली. थोड्या वेळानं सुनीता आली. त्यानंतरच्या गोष्टी लिहिण्यासारख्या नाहीत.

दिवस कलायला लागला. अंगणात जमलेले गावकरी लाकडांची वाट बघत होते. दिलीपचा टेम्पो येणार असं त्यांनी ऐकलं होतं. गुंजवण्याला, पाण्याकाठी चिता रचून, दिलीप मामांची वाट बघत होता. रेंज नव्हती, त्याचा फोन लागेना. मी एकाला मोटरसायकलवरून पिटाळलं की दिलीपला सगळं घेऊन इकडे बोलाव. तो बऱ्याच वेळानं एकटाच परत आला. दिलीप तिथून हलायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, दादाचा मेसेज हाय, जागा सोडायची न्हाई. (हयातीत पहिल्यांदा या माणसानं कुणाचं ऐकलं होतं, आणि ते माझं.)

मग मी जाहीर केलं की मामांनाच गुंजवण्याला न्यायचं. कशातून न्यायचं, असं एकानं विचारलं. ॲम्ब्युलन्स भोरला परत गेली होती. टेम्पो दिलीपकडे होता. माझ्या गाडीकडे दोघांतिघांनी बघितलं आणि मान फिरवली. सुनीता तोंडाला पदर लावून म्हणाली, "दादा, अंधार पडायच्या आत काय ते ठरव."

ठरवायला म्हणून मी तोंड उघडलं, पण आवाज मामीचा आला. ती उंबऱ्यात उभी होती, सायलीच्या खांद्याला धरून.

"तिकडं नगं न्यायला," ती म्हणाली. "रोज नाव काढायचे, पण एकदाच गेले. खळ्यावर पाणी चढलेलं बघितलं आन् तिथंच खाली बसले. लई अवघड झालं मला त्यांना उठवून आणायला. आता तिथं ठिवू नका त्यांना. हितंच करा."

शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी सारखी केली आणि आपल्या परड्याकडे वळले. ते चुलीसाठी साठवलेली लाकडं खांद्यावर घेऊन आले. मग ज्याच्या त्याच्या घरून लाकूड यायला लागलं. कुणी कुणाला काम सांगितलं नाही. मीही उचलायला गेलो तेव्हा एक जण नम्रपणे म्हणाला, "तुमी ऱ्हावा सायेब."

अग्नी सुनीतानं दिला. ज्वाळा वर गेल्या तेव्हा रस्त्यावर टेम्पोचे दिवे दिसले. दिलीप शेवटी जागा सोडून आला होता, लाकडं आणि गुंजवण्याची सगळी भावकी घेऊन. त्यानं चितेकडे बघितलं, टेम्पोतल्या लाकडांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो खाली उतरला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. काका त्याला न भेटता गेले होते.

टेम्पोतली लाकडं घराच्या मागे टाकली. ती घरात वापरू नयेत असं बायकांचं म्हणणं पडलं. मामीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीपासून ती बंबात घालायला लागली. लाकडाला काय ठावं, म्हणाली. तिला पुण्याला न्यावं असं सुनीताला फार वाटत होतं. मामीनं तेही ऐकून घेतलं आणि मार्गासनीलाच राहिली. सायली हिंडाफिरायला लागली तशी एसटीनं मामीकडे जाऊन राहायला लागली. दोघी काय बोलतात, मला सांगत नाहीत.

तेराव्याची कामं सुनीतानं वाटली. दिलीपकडे गॅस आणि भांडी, बायकोकडे पंगत, सायलीकडे मामी. माझं नाव कशातच आलं नाही, म्हणून मीच विचारलं. सुनीतानं थोडा विचार केला आणि मला दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. लोकांच्या चपलांवर लक्ष ठेवायचं.

मी जीव ओतून ते काम केलं. सकाळपासून जागा सोडली नाही. एवढ्या माणसांत फक्त एकच जोड गेला. भोरपर्यंत गाडी मला अनवाणीच चालवावी लागली.